लहान मेंदूतली पट्टेदार गाठ : नऊ वर्षांच्या मुलीचे एक प्रकरण

मुलांच्या लहान मेंदूत गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनात आधी तीन नावे येतात: मेड्युलोब्लास्टोमा, पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा आणि एपेंडिमोमा. तिन्हींत उपचाराची सुरुवात बहुधा शस्त्रक्रियेने होते आणि गाठ जितकी जास्त निघेल तितके बरे, असा साधारण नियम आहे. पुढे मांडलेले प्रकरण या नियमात न बसणाऱ्या गाठीचे आहे. मी बालमेंदूविकारतज्ज्ञ म्हणून उपचार करणाऱ्या चमूत होतो. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा पाच महिन्यांपासून तिचे डोके दुखत होते. दुखणे सकाळी उठल्या उठल्या सुरू व्हायचे, कधी उलटी व्हायची आणि उलटीनंतर तासाभरात ती खेळायला लागायची. सुरुवातीला पित्त समजून औषध झाले, मग चष्मा लागला, मग अर्धशिशीची गोळी सुरू झाली. गोळीने पंधरा दिवस बरे वाटले, त्यामुळे निदान बरोबर आहे असा सगळ्यांचा समज झाला. अशा आजारात दुखणे मधूनमधून आपोआप ओसरते, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

चालताना तोल जाणे, बोबडे बोलणे, हात थरथरणे यांपैकी कोणतीही तक्रार घरच्यांनी सांगितली नाही. तपासताना मात्र एक गोष्ट दिसली. तिला पाण्याची बाटली उघडायला दिली. उजव्या हाताने झाकण फिरवताना डाव्या हातातली बाटली सारखी हलत होती आणि पाणी फ्रॉकवर सांडले. आई लगेच म्हणाली, "ती धांदरटच आहे, पहिल्यापासून." डाव्या हाताने नाकाला आणि मग माझ्या बोटाला बोट लावायला सांगितले, तर दर वेळी ते लक्ष्याच्या पुढे जात होते. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालताना ती डावीकडे झुकत होती. लहान मेंदूच्या ज्या बाजूला बिघाड असतो, त्याच बाजूच्या हातापायांवर परिणाम होतो. ती उजव्या हाताने लिहीत असल्यामुळे अक्षर बिघडले नव्हते, म्हणून शाळेतही कुणाला शंका आली नाही.

डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पडदे पाहिले. दोन्ही डोळ्यांत दृष्टिनाडीच्या तोंडाशी सूज होती, म्हणजे कवटीत दाब वाढलेला होता. त्याच दिवशी एमआरआय झाला.

एमआरआयमध्ये काय दिसले

लहान मेंदूचा डावा गोलार्ध सुजल्यासारखा मोठा झाला होता आणि बिघाड मधल्या भागात, म्हणजे व्हर्मिसमध्येही शिरला होता. सगळ्यात रुंद जागी तो पाच सेंटिमीटरच्या आसपास भरला. चौथी पोकळी एका बाजूला दाबली गेल्याने मेंदूतल्या पाण्याची वाट अडली होती आणि वरच्या पोकळ्या फुगल्या होत्या. लहान मेंदूचे टॉन्सिल, म्हणजे त्याची खालची टोके, कवटीच्या तळाच्या छिद्रातून आठ मिलिमीटर खाली उतरले होते.

लक्ष वेधून घेतले ते गाठीच्या रूपाने. नेहमीची गाठ आजूबाजूच्या घड्या पुसून टाकते. इथे घड्या शाबूत होत्या, फक्त जाड झाल्या होत्या, आणि एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात गडद व उजळ पट्टे एकाआड एक दिसत होते. रेडिओलॉजीत याला वाघाच्या पट्ट्यांची उपमा देतात. कॉन्ट्रास्ट दिल्यावर दोन-चार शिरा सोडल्या तर काहीच उजळले नाही. ऊतीत पाणी किती मोकळे हलते ते दाखवणाऱ्या डिफ्यूजन चित्रात भाग उजळ होता. पण त्याच हालचालीचे माप देणाऱ्या एडीसी नकाशावर तो गडद नव्हता, म्हणजे पेशींची दाटी झाल्यासारखे दिसत नव्हते. ऊतीतली रसायने मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीत चेतापेशींची खूण असलेले एनएए कमी होते, झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत वाढणारे कोलीन वाढलेले नव्हते आणि थोडे लॅक्टेट होते.

रेडिओलॉजिस्टच्या अहवालात पहिले नाव होते लेर्मिट-द्युक्लो आजाराचे. फ्रान्समधल्या लेर्मिट आणि द्युक्लो यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तो लहान मेंदूचा डिसप्लास्टिक गँग्लिओसायटोमा म्हणून नोंदला आहे, श्रेणी १. ही खरोखरची गाठ की घडणीतच चुकलेल्या ऊतीची वाढ, हा वाद अजून मिटलेला नाही. तो बहुतेक करून तिशी-चाळिशीत सापडतो. मुलांत विरळा, पण अगदी नवजात बाळांतही नोंदला गेला आहे.

मुलीच्या लक्षणांशीही हे जुळत होते. इतका मोठा बिघाड आणि लक्षणे इतकी किरकोळ, याचा अर्थ वाढ संथ होती आणि मेंदूने तिच्याशी जुळवून घेतले होते. घरच्यांना जो धांदरटपणा वाटत होता, तो कदाचित बऱ्याच वर्षांचा असावा.

अडचण

प्रश्न दोन होते आणि पहिल्या बैठकीत ते एकमेकांत मिसळले गेले. वाढलेला दाब तातडीचा होता. दृष्टिनाडीवरची सूज तशीच राहिली तर नजर कायमची जाऊ शकते. गाठीचे काय करायचे याला मात्र तेवढी घाई नव्हती. न्यूरोसर्जन म्हणाले, कवटी उघडून गाठ काढू, दाबही उतरेल आणि निदानही होईल. एका दगडात दोन पक्षी. ऐकायला हे बिनतोड होते.

निदान मात्र अजून एमआरआयवरच उभे होते. पट्टे दिसले म्हणजे लेर्मिट-द्युक्लोच, असे नाही. लहान मेंदूच्या एकाच गोलार्धाला सूज येणारा एक दाहाचा आजार आहे, हेमिसेरेबेलायटिस. त्यात घड्या सुजून असेच पट्टे दिसू शकतात आणि तो काही आठवड्यांत ओसरतो. दुसऱ्या टोकाला, मेड्युलोब्लास्टोमाचे काही प्रकार गोलार्धात वाढतात आणि या आजाराची हुबेहूब नक्कल करू शकतात. म्हणजे शक्यतांच्या एका टोकाला आपोआप बरा होणारा दाह होता आणि दुसऱ्या टोकाला कर्करोग.

दाहाची शक्यता पाहायला पाठीतून पाणी काढून तपासावे, अशी सूचना एका कनिष्ठ सहकाऱ्याने केली. ती लगेच बाजूला ठेवली. कवटीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे लहान मेंदूच्या जागेत, गाठ आहे आणि टॉन्सिल खाली उतरलेले आहेत अशा वेळी खालून पाणी काढले, तर मेंदू आणखी खाली सरकून श्वासच थांबू शकतो.

पर्याय

लगेच शस्त्रक्रिया करून गाठ काढण्यातली मुख्य अडचण अशी की या आजारात बिघडलेली ऊती आणि चांगला मेंदू यांच्यात कड नसते. पट्टे हळूहळू विरत जातात. सगळे काढायचे म्हटले तर सर्जनला व्हर्मिस आणि मेंदूस्तंभाला जोडणाऱ्या देठापर्यंत जावे लागते. व्हर्मिसमधल्या शस्त्रक्रियेनंतर काही मुलांची वाचा एक-दोन दिवसांत बंद होते, स्नायू ढिले पडतात, चिडचिड वाढते. बोलणे बहुतेकांचे परत येते, पण अनेकदा पूर्वीसारखे नाही. मेड्युलोब्लास्टोमासाठी ही जोखीम पत्करावी लागते. इथे ती तितक्या सहज पत्करता येत नव्हती.

दुसरा पर्याय होता बायोप्सीचा, फक्त तुकडा घेऊन तपासण्याचा. हा मधला मार्ग वाटतो, म्हणून मोहात पाडतो. पण कप्पा आधीच ताणलेला असताना थोडा रक्तस्राव किंवा सूजही महागात पडते. शिवाय या आजाराचे निदान पेशींच्या थरांच्या रचनेवरून होते. इवल्याशा तुकड्यात थर कळत नाहीत आणि अहवाल 'निष्कर्ष काढता येत नाही' असा येऊ शकतो.

पाणी वळवण्याचे दोन रस्ते होते. शंट म्हणजे डोक्यातून पोटात जाणारी नळी. ती खात्रीची, पण आयुष्यभराची. तुंबणे, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया हे सगळे तिच्यासोबत येते. वरच्या पोकळ्यांतले पाणी झपाट्याने उतरले तर खालचा फुगलेला लहान मेंदू वर सरकण्याचा धोकाही असतो. दुसरा रस्ता एंडोस्कोपिक थर्ड व्हेंट्रिक्युलोस्टॉमीचा, सगळे ज्याला ईटीव्ही म्हणतात. त्यात दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला आतल्या आत दुसरी वाट देतात. नळी नाही, बाहेरून निचरा नाही. ईटीव्ही किती चालेल याचा अंदाज बांधायला वय, कारण आणि आधीचा शंट यांवर गुण देण्याची पद्धत आहे. या मुलीचे गुण झाले ७०: वयाचे ४०, कारणाचे २०, आधी शंट नसल्याचे १०. म्हणजे सहा महिने टिकण्याची शक्यता साधारण ७० टक्के. तळाखालून बेसिलर धमनी जाते आणि मेंदूस्तंभ पुढे ढकलला गेल्याने तिथली जागा अरुंद झाली होती, ही त्यातली भीती.

पाचवा मार्ग होता स्टेरॉइड देऊन वाट पाहण्याचा. डोळ्यांची अवस्था पाहता केवळ त्यावर विसंबणे शक्य नव्हते.

पहिला निर्णय : आधी पाणी, गाठ नंतर

दुसऱ्या बैठकीत हे दोन प्रश्न वेगळे करून मांडले, तेव्हा बरेच सोपे झाले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करून दुसऱ्या दिवशी ईटीव्ही करायची, गाठीला हात लावायचा नाही आणि सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करायचा, असे ठरले. दाह असेल तर तोवर ओसरलेला दिसेल, मेड्युलोब्लास्टोमा असेल तर वाढ दिसेल, आणि लेर्मिट-द्युक्लो असेल तर चित्र जिथल्या तिथे राहील. न्यूरोसर्जन राजी झाले, पण त्यांनी अट घातली: मधल्या काळात मुलगी झोपाळू झाली किंवा गिळताना ठसका लागायला लागला, तर सहा आठवडे धरून बसायचे नाही. अट रास्त होती. मेड्युलोब्लास्टोमाची शक्यता त्या वेळी थोडी जरी जास्त वाटली असती, एडीसी नकाशात एखादा गडद ठिपका असता, तर मीही लगेच शस्त्रक्रिया करण्याच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

आईवडिलांना हे पटवणे सोपे नव्हते. डोक्यात गाठ आहे आणि डॉक्टर ती काढत नाहीत, हे पचायला जड जाते. त्यांनी दुसरीकडे मत घेतले. तिथे ताबडतोब शस्त्रक्रिया करा असे सांगण्यात आले. परत आल्यावर आईने विचारले, "वाट बघायची तर कशाची वाट बघायची, ते तरी सांगा." त्या प्रश्नामुळे आम्ही एक कागद तयार केला. त्यात कोणते लक्षण दिसले तर त्याच दिवशी यायचे, एमआरआयमध्ये कोणता बदल झाला तर शस्त्रक्रिया ठरवायची आणि कोणत्या बदलाने घाबरायचे नाही, हे साध्या शब्दांत लिहिले. तो कागद केसपेपरलाही जोडला. पुढे दीड वर्षात ड्युटीवरचे डॉक्टर बदलत राहिले, तेव्हा त्याचा उपयोग आमचा आम्हालाच जास्त झाला.

ईटीव्ही सुरळीत झाली. तिसऱ्या दिवशी सकाळची डोकेदुखी थांबली. दोन महिन्यांत दृष्टिनाडीवरची सूज उतरली आणि नजर शाबूत राहिली. सहा आठवड्यांच्या एमआरआयमध्ये पोकळ्या लहान झाल्या होत्या. गाठ तेवढीच, पट्टे तसेच. दाह बाद झाला. तीन महिन्यांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांनीही फरक नव्हता, तेव्हा मेड्युलोब्लास्टोमाची धास्तीही मागे पडली.

दुसरा निर्णय : किती काढायचे

सोळाव्या महिन्यात आईने फोन केला. मुलगी रात्री घोरायला लागली होती, पाणी पिताना ठसका लागत होता आणि खोकल्यावर मानेत कळ येत होती. ठसका कागदावर होता. एमआरआयमध्ये ईटीव्हीचे छिद्र उघडे होते, पाणी वाहत होते. पण टॉन्सिल आठवरून चौदा मिलिमीटर खाली गेले होते आणि मानेच्या मज्जारज्जूत पाण्याची लहानशी पोकळी, सिरिंक्स, तयार झाली होती. गाठ किंचित वाढली होती. नुसत्या आकड्यावरून कुणी फारशी दखल घेतली नसती.

या वेळी थांबणे शक्य नव्हते. फक्त मागचे हाड काढून आणि आवरण सैल करून जागा करून द्यावी, असे एक मत होते. त्याने कप्प्यात मोकळी जागा झाली असती, पण मेंदूस्तंभावर आलेला गोलार्धाचा भार तसाच राहिला असता. गाठ पूर्ण काढण्याला आता कुणीच पाठिंबा दिला नाही. सिरोलिमस या औषधाचाही विषय निघाला. या आजारात पीटेन जनुकाचा लगाम सुटून एमटॉर ही वाढीची साखळी मोकाट सुटते आणि सिरोलिमस तिलाच अडवते, त्यामुळे तर्क चांगला आहे. पण अनुभव मोजक्या रुग्णांपुरता आणि परिणाम दिसायला वेळ लागतो. गिळण्याच्या नसा दबत असताना तेवढी सवड नव्हती.

ठरले ते असे: हाड काढून जागा करायची आणि डाव्या गोलार्धातला भाग तेवढा कमी करायचा. व्हर्मिस आणि देठाकडे सरकणारे पट्टे सोडून द्यायचे. सर्जनने शस्त्रक्रियेआधी एमआरआयच्या चित्रावर एक रेघ ओढली आणि पलीकडे जायचे नाही असे सगळ्यांदेखत सांगितले. कड नसलेल्या गाठीत ऑपरेशनच्या वेळी थांबायचे कुठे हे सुचत नाही, म्हणून ते आधीच ठरवून घेतलेले बरे.

आवरण उघडल्यावर घड्या फिकट आणि जाड दिसल्या, नेहमीपेक्षा दुप्पट रुंद. थंड करून लगेच पाहिलेल्या तुकड्यात मोठ्या चेतापेशी होत्या, पेशीविभाजन दिसत नव्हते. पॅथॉलॉजिस्टचा तसा निरोप आल्यावर सर्जनने रेघ पाळली. साधारण दोन तृतीयांश गाठ निघाली.

अंतिम अहवालाने निदान पक्के केले. लहान मेंदूच्या कणमय थरातल्या बारीक पेशींच्या जागी वेड्यावाकड्या मोठ्या चेतापेशी, वरचा थर जाड आणि त्यात एरवी नसणारे मायलिनचे वेष्टण असलेले तंतू, लहान मेंदूत एरवी असणाऱ्या परकिंजे पेशी जवळपास नाहीत, पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा केआय-६७ एक टक्क्याखाली.

तिसरा निर्णय : जनुक तपासायचे का

या टप्प्यावर आमच्यात सगळ्यात जास्त मतभेद झाले, आणि हाच निर्णय मला आजही सर्वांत वजनदार वाटतो. मोठ्यांमधला लेर्मिट-द्युक्लो हा काउडेन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचे लक्षण मानला जातो. त्याचे मूळ दहाव्या गुणसूत्रावरच्या पीटेन जनुकात आहे. हे जनुक १९९७ मध्ये सापडले. त्यात बिघाड असेल तर पुढे स्तन, थायरॉइड, गर्भाशयाचे अस्तर, मूत्रपिंड आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगाची जोखीम वाढते. मुलांचे मात्र तसे नाही. २००३ च्या एका अभ्यासात १८ पैकी १५ रुग्णांत पीटेनमध्ये बदल सापडला. ते सगळे मोठ्या वयात आजार झालेले होते, आणि लहानपणी आजार झालेल्या तिघांत तो सापडला नाही. तिघांवरून नियम बनत नाही, पण मुलांत तपासणी कशाला, असे म्हणणाऱ्यांना तेवढा आधार पुरला.

पारडे फिरवले ते मोजपट्टीने. मुलीच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर होता. या वयात ५२ च्या आसपास असतो. पाणी साठल्यामुळे घेर वाढला असेल, असे एकाने म्हटले. आईने लसीकरणाचे जुने कार्ड आणले. त्यात नऊ महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या नोंदी होत्या आणि दोन्ही सर्वांत वरच्या रेषेच्याही वर. डोके तेव्हापासून मोठे होते. मग मी आईच्या डोक्याला पट्टी लावली: ५९. प्रौढ स्त्रीत ५८ आणि पुरुषात ६० च्या पुढचा घेर मोठा धरतात. विसाव्या वर्षी आपल्या थायरॉइडची गाठ काढली होती, हे आईने तेव्हा सांगितले. हिरड्यांवर बारीक मोडासारखे उंचवटे होते. ते नेहमीचेच म्हणून तिने कधी कुणाला दाखवले नव्हते.

तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाने आईवडिलांशी दोनदा बोलणे केले. हा अहवाल मुलीपुरता राहणार नाही, हे त्यांना आधीच कळणे गरजेचे होते. मुलीत पीटेनचा रोगकारक बदल सापडला आणि आईतही तोच.

परिणाम

शस्त्रक्रियेनंतर वाचा गेली नाही. ठसका आठवड्यात थांबला, सिरिंक्स सहा महिन्यांत जवळपास नाहीशी झाली. डावा हात सुरुवातीला आणखी बिघडला. तोल आणि हालचालींची 'सारा' (SARA) नावाची मोजणी ० ते ४० गुणांची असते, जितके गुण जास्त तितका त्रास. आधी ४ होते, शस्त्रक्रियेनंतर ९ झाले आणि सहा महिन्यांच्या व्यायामानंतर ५ वर आले. बाटली आता ती मांडीवर टेकवून उघडते. ऑक्युपेशनल थेरपिस्टने शिकवलेल्या युक्तीपेक्षा तिला स्वतःची ही युक्ती जास्त आवडते.

शाळेत काम करण्याचा वेग कमी आहे आणि दोन-तीन पायऱ्यांच्या गणितात मधली पायरी सुटते. लहान मेंदूच्या आजारात विचारांच्या आखणीवरही परिणाम होतो, हे १९९८ मध्ये श्माहमन आणि शेर्मन यांनी मांडल्यापासून माहीत आहे. तिला परीक्षेत जादा वेळ मिळतो.

पीटेन बिघाडात थायरॉइडची सोनोग्राफी सात वर्षांपासून दरवर्षी करावी अशी शिफारस आहे, म्हणून तिची लगेच सुरू झाली. आईच्या स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफीवर देखरेख चालू आहे, आतड्याची दुर्बीण तपासणी वेळापत्रकात आली आहे. धाकट्या भावात हा बदल असण्याची शक्यता निम्मी. त्याची तपासणी करायला आईवडिलांनी वेळ मागून घेतला आणि आम्ही घाई केली नाही. त्याच्याबाबत पहिली देखरेख थायरॉइडची आणि ती सुरू व्हायला तीन वर्षे आहेत. विकासात काही मागे पडतोय असे दिसले तर मात्र हा विषय लगेच पुन्हा काढायचा, असे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

पाच महिन्यांत डोळ्यांचे पडदे एकदाही पाहिले गेले नाहीत. चष्म्याचा नंबर काढला त्या दिवशी बाहुल्या मोठ्या करून पाहिले असते, तर निदान किमान तीन महिने आधी झाले असते. सकाळची डोकेदुखी आणि उलटीनंतर आराम, एवढ्या दोन गोष्टी ऐकल्या की पडदे पाहायलाच हवेत. अर्धशिशीच्या औषधाने बरे वाटले, हे काही ती तपासणी टाळण्याचे कारण होत नाही.

डोक्याचा घेर दीड वर्षानंतर कुणीही मोजला नव्हता. पहिल्याच दिवशी मुलीचा आणि आईवडिलांचा घेर मोजला असता, तर लेर्मिट-द्युक्लोच्या बाजूचा एक पुरावा तेव्हाच हाती आला असता आणि पहिल्या बैठकीतली रस्सीखेच कदाचित कमी झाली असती. पीटेनची रक्ततपासणी वाट पाहण्याच्या काळातच करता आली असती, त्यासाठी तुकडा हातात असण्याची गरज नव्हती. अहवाल होकारार्थी आला असता तर निदान शस्त्रक्रियेविना जवळपास पक्के झाले असते आणि आईची देखरेख वर्षभर आधी सुरू झाली असती. अर्थात अहवाल नकारार्थी आला असता तर निदान चुकले असे म्हणता आले नसते, कारण मुलांत तो तसाच येऊ शकतो.

स्मरण, वेग आणि लक्ष यांची मानसशास्त्रीय चाचणी शस्त्रक्रियेआधी झाली नाही. त्यामुळे आज शाळेत जे मागे पडणे दिसते ते गाठीचे, दाबाचे की शस्त्रक्रियेचे, हे वेगळे काढता येत नाही. वाट पाहण्याच्या सोळा महिन्यांत या चाचणीसाठी भरपूर वेळ होता.

सिरोलिमसचा प्रश्न उघडाच आहे. उरलेला एक तृतीयांश भाग शांत आहे आणि वर्षातून एकदा एमआरआय होतो. तो वाढून देठावर दाब आला तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याआधी औषध वापरून पाहायचे का, यावर चमूत अजून एकमत नाही. या वेळी सवड असेल, हा औषधाच्या बाजूचा मुद्दा; वाढत्या वयाच्या मुलीत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध किती काळ चालवायचे, हा विरुद्ध बाजूचा. कागदाची नवी प्रत केली आहे आणि त्यात हा प्रश्न मोकळ्या चौकटीसह शेवटी लिहून ठेवला आहे.